हरण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता

मामा सहा-चार हरले की समजावं, आज चीफ इंजिनिअर साहेबांचा दिवस बरा गेला. सहा-दोन हरले तर ऊस गाळायच्या मिलमध्ये काहीतरी कुरकुरतंय. आणि सहा-एक हरले तर मिल दुपारभर बंद पडलेली असणार, पैज लावावी. हे गणित मला कळलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि ते वेळेवर न कळल्यामुळे माझं टेनिस कायमचं सुटायची वेळ आली होती.

मामा म्हणजे आमच्या साखर कारखान्याच्या क्लबातले मार्कर. टेनिसचं कोर्ट राखायचं, एखाद्या मेंबरला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळायचं, मेंबरांच्या पोराबाळांना शिकवायचं, यासाठी जो पगारी माणूस ठेवत त्याला तेव्हा मार्कर म्हणत. त्यांना नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. साहेब लोक मार्कर म्हणायचे, आम्ही कॉलनीतली पोरं मामा म्हणायचो, आणि ते आम्हा सगळ्यांनाच सरसकट बाळासायेब म्हणायचे. नावं लक्षात ठेवायची कटकट नको, असं त्यांचं म्हणणं.

कारखाना राहुरी तालुक्यात, देवळाली प्रवरा सायकलवर गाठता येईल इतकं जवळ. क्लब म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन कॅरम, पत्त्यांचं एक टेबल आणि मागे हे एकुलतं एक कोर्ट. मामा मूळचे कर्जतकडचे. लहानपणीच नगरला भिंगारच्या छावणीत कामाला लागले, तिथे गोऱ्या साहेबांचं बघून बघून खेळ शिकले, आणि गोरे गेल्यावर काही वर्षांनी आमच्याकडे आले. काळे, काटक, पन्नाशी उलटलेली. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली खाकी अर्धी चड्डी, पाय अनवाणी आणि डोक्याला बारा महिने मफलर. मे महिन्यातसुद्धा. कोणी विचारलं की म्हणायचे, सायेब लोक खेळताना लई बोलत्यात, कान झाकलेले बरे.

कोर्ट शेणाचं होतं. हसू नका, तेव्हा चांगली चांगली कोर्टं शेणाची असायची. खाली मुरूम, वर चाळलेली माती आणि दर आठ दिवसांनी शेणाचं सारवण. ते शेणही कुठल्याही गोठ्यातलं चालायचं नाही. उसाचं वाढं खाणाऱ्या जनावराचं शेण ओशट असतं, त्यावर चेंडू घसरतो. कोरडा कडबा खाणाऱ्याचं पाहिजे. त्यासाठी मामा पाटी घेऊन वस्त्यावस्त्यांवर हिंडायचे आणि आधी गव्हाणीत डोकावून जनावर काय खातंय ते बघायचे. मुलगी बघायला आल्यासारखे प्रश्न विचारतात, अशी शेतकरी त्यांची चेष्टा करायचे. मामांना काही फरक पडायचा नाही. मनासारखं शेण मिळालं नाही तर रिकामी पाटी घेऊन परत यायचे आणि त्या आठवड्यात कोर्ट बंद ठेवायचे, मग मॅनेजिंग डायरेक्टर का उभे असेनात.

मी आठ वर्षांचा असताना त्यांच्या हाताखाली गेलो. त्यांचं शिकवणं म्हणजे एकच गोष्ट. ते नेटच्या पलीकडे उभे राहायचे, स्वतःभोवती चुन्याने एक रिंगण आखायचे आणि सांगायचे, "बॉल माघारी आला पायजे. माझ्या बॅटवर. मला हालवायचं न्हाई." त्यांना रिंगणाबाहेर पाऊल टाकावं लागलं की मोजणी परत एकपासून. शंभर झाल्याशिवाय पाणी नाही. मी रडलोय त्या रिंगणापायी. पण चौदाव्या वर्षी माझी अशी तऱ्हा झाली की समोरचा माणूस कुठेही उभा असो, माझा चेंडू नेमका त्याच्या बॅटवर जाऊन बसायचा. मामा शाबासकी कधी द्यायचे नाहीत. फार खूश झाले तर बिडी विझवून उरलेली मफलरात खोचायचे आणि म्हणायचे, बरं हाय.

आणि खरंच बरं होतं! मुलांच्या स्पर्धेत मी लागोपाठ तीन वर्षं जिल्ह्यात पहिला आलो. मग राज्यात. सतराव्या वर्षी अठराच्या आतल्या मुलांमध्ये देशातल्या पहिल्या आठांत. कारण उघड आहे. त्या वयाच्या पोरांना दम नसतो. मी चेंडू परत करत राहायचो, ती चिडायची, मारायला जायची आणि चेंडू बाहेर घालवायची. मला वाटायचं, मी जिंकतोय. ती हरत होती हे मला कोणी सांगितलं नाही आणि ऐकलंही नसतं मी. अठराव्या वर्षी माणसाला जेवढी घमेंड असते तेवढी सगळी माझ्यात होती.

तेव्हा नुकतंच टेनिसमध्ये उघडपणे पैसे मिळायला लागले होते. बक्षिसाची रक्कम जाहीर व्हायची, परदेशातले खेळाडू इकडे येऊन खेळायचे, आपली काही मुलं तिकडे जायची. मी घरी जाहीर केलं की मला हेच करायचंय. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात चीफ केमिस्ट होते. मितभाषी माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "पैसे घेऊन टेनिस खेळणारा एक माणूस आपल्या क्लबात आहे. तुला तेच व्हायचंय का?"

आईने मध्ये पडून तडजोड घडवली. एक वर्ष कॉलेज बाजूला ठेवायचं. त्या वर्षात पुरुषांच्या मोठ्या स्पर्धेत एक, फक्त एक सामना जिंकायचा. जिंकलो तर खेळायचं. नाही तर जूनमध्ये पुण्याला बी.एस्सी., पुढे शुगर टेक्नॉलॉजी, आणि बॅट माळ्यावर. एकच सामना? मी मनात हसलो आणि हो म्हणालो.

दिल्लीला पहिल्या फेरीत हरलो. कलकत्त्याला पहिल्या फेरीत. मद्रासला पहिल्या फेरीत. दर वेळी सामना चांगला व्हायचा, लोक टाळ्या वाजवायचे आणि हरायचो मी. घरी आलो की अण्णा काही विचारायचे नाहीत, ताटावर बसल्यावर फक्त आईला म्हणायचे, त्याला वाढ. त्या दोन शब्दांनंतर मी ताट अर्धवट टाकून उठायचो.

मामा मात्र विचारायचे. स्कोर नाही, स्कोर त्यांनी जन्मात विचारला नाही. रॅली किती लांबली, म्हणजे एका पॉइंटला चेंडू किती वेळा नेटवरून गेला, ते विचारायचे. मी सांगायचो, वीस-पंचवीस तरी. मग ते समाधानाने मान हलवायचे. मला त्यांची ती मान हलवणी डोक्यात जायला लागली होती.

चौथा सामना पुण्याला झाला. समोर तिशीतला, पोट सुटायला लागलेला एक खेळाडू होता. मला विचाराल तर त्याला मी उभंच राहू दिलं नसतं. सरळ दोन सेटमध्ये हरलो. नंतर पाण्याच्या माठाजवळ तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मजा आली रे तुझ्याशी खेळायला. बॉल कसा अगदी हातात आणून देतोस."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच तर वाईट होतं.

नगरपर्यंत एसटीत मी ते वाक्य चघळत होतो. ते वर्ष दुष्काळाचं. बाहत्तरच्या पावसाने दडी मारलेली, रस्त्याच्या कडेला जागोजागी खडी फोडायची कामं चाललेली, बायका ऊन डोक्यावर घेऊन बसलेल्या, आणि मी बापाच्या खर्चाने हरून परत येत होतो. लाज वाटली मला. घरी न जाता पिशवीसकट थेट क्लबवर गेलो. कोर्टाला पाणी मारणं मामांनी दिवाळीपासूनच बंद केलं होतं. माणसाला प्यायला न्हाई नि जमिनीला कुठून घालू, म्हणायचे. ते कोर्ट दाबायच्या रोलरवर बसून बशीतून चहा पीत होते. मी त्यांना माठाजवळचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

मामांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता रागावतील. मी वाईट खेळलो असं म्हणतील, आणि तेच ऐकायला मी आलो होतो. पण ते म्हणाले, "तुमची न्हाई, माझी चूक झाली. मला येतंय त्येच मी तुमाला शिकवलं."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं, खाली बघत, पायाच्या अंगठ्याने माती उकरत. मार्कर मेंबरला हरवत नाही. भिंगारला ते मार्कर झाले त्या पहिल्या दिवशी त्यांना हीच ताकीद मिळाली होती. पण साफ हरणाराही मार्कर कामाचा नाही, साहेबाला घाम आला पाहिजे, जिंकल्यासारखं वाटलं पाहिजे. म्हणजे चेंडू प्रत्येक वेळी परत करायचा, प्रत्येक वेळी साहेबाच्या बॅटवर, आणि शेवटी केसभर चुकायचं. रोज संध्याकाळी साडेचारला ते कारखान्याच्या गेटवर जायचे, मिलची खबर काढायला. त्यावरून चीफ इंजिनिअर साहेबांचा आकडा ठरायचा. डॉक्टरांना पहिला सेट हरून मग दोन जिंकायला आवडतं. अकाउंटंट साहेबांना वाकवत नाही, त्यांना चेंडू कमरेच्या वर. बत्तीस वर्षं हेच. त्यांच्या हाताला दुसरं वळणच राहिलं नव्हतं, आणि तेच वळण त्यांनी अकरा वर्षं मेहनतीने माझ्या हाताला लावलं होतं.

मी संतापलो. आता सांगायला लाज वाटते, पण मी त्या माणसाला म्हणालो की तुम्ही माझं वाटोळं केलंत. त्यांनी ऐकून घेतलं. मुंबईची स्पर्धा तीन आठवड्यांवर होती, जूनच्या आधीची शेवटची. मामा उठले, मफलर घट्ट केला आणि म्हणाले, उद्या संध्याकाळी पाचला या.

दुसऱ्या दिवशी पाचला नेमके सगळे मेंबर हजर होते. चीफ इंजिनिअर बॅट घेऊन आपल्या पाळीची वाट बघत होते, डॉक्टर होते, पत्त्याच्या टेबलावरचे चौघे होते आणि कधी नव्हे ते अण्णाही एका खुर्चीत बसले होते. मामांनी कोणाकडे पाहिलं नाही. मफलर काढून नेटच्या खांबाला बांधला. त्यांचे केस पूर्ण पांढरे होते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. नेहमीचं रिंगण आखलं नाही. फक्त म्हणाले, "आज मी खेळनार हाय. तू बघ."

अकरा वर्षांत पहिल्यांदा मला तू म्हणाले.

पहिला चेंडू मी माझ्या सवयीने त्यांच्या बॅटवर दिला. तो परत आला तो मला दिसला नाही, डाव्या कोपऱ्यात धूळ उडालेली तेवढी दिसली. दुसरा उजव्या कोपऱ्यात. तिसरा नेटला चाटून माझ्याच बाजूला पडला आणि मी पुढे धावता धावता तोंडावर आपटलो. मी चेंडू द्यायचो माणसाला, ते मारायचे जिथे माणूस नाही तिथे. दुसरं काही नाही, एवढंच. पंचावन्न वर्षांचा अनवाणी माणूस, आणि मी एकोणीस वर्षांचा राज्याचा विजेता त्या सुक्या कोर्टावर बोकडासारखा धावत होतो. पहिला सेट सहा-शून्य. शेडमधल्या चौघांनी पत्ते खाली ठेवले.

दुसऱ्या सेटमध्ये चार-शून्यवर माझं डोकं फिरलं. गुडघे फुटलेले, अण्णा बघताहेत, आणि हा म्हातारा मला नाचवतोय. पुढचा चेंडू मी रागाने, मामांना टाळून, मोकळ्या बाजूला हाणला. मामा जागचे हलले नाहीत. त्यांनी वळून चेंडूची खूण बघितली आणि म्हणाले, "हां. आता आलास." त्यानंतर मी तीन गेम घेतले. सेट त्यांनीच जिंकला, सहा-तीन, पण शेवटच्या पॉइंटला आम्ही दोघंही धापा टाकत होतो. मामा रोलरवर जाऊन बसले.

आता शेडमध्ये खरी पंचाईत झाली होती. चीफ इंजिनिअर साहेब हातात बॅट घेऊन उभे. चौदा वर्षं ते या माणसाला हरवत आले होते आणि मुंबईच्या पाहुण्यांना तसं सांगतही आले होते. ते मामांसमोर येऊन म्हणाले, "मग इतकी वर्षं आपण काय खेळत होतो?" मामा उठून उभे राहिले आणि म्हणाले, तुमी चांगलंच खेळत हुता सायेब. साहेब म्हणाले, आता माझ्याशीही असाच खेळ. मामांनी हात जोडले. तुम्ही दिवसभर मिलशी झगडून येता, इथे जिंकायला येता, ते मोडायचं माझं काम नाही, असं काहीतरी म्हणाले आणि मफलर सोडून डोक्याला बांधायला लागले.

आठ दिवस कोर्टावर एक मेंबर फिरकला नाही. मार्करला काढणार, अशी कुजबुज झाली. त्या आठ दिवसांत मी आणि मामा सकाळ-संध्याकाळ खेळलो. ते पुन्हा तसे खेळले नाहीत, दम नव्हता. मीच मारायचो आणि ते नुसते उभे राहून कोपरे दाखवायचे. नवव्या दिवशी चीफ इंजिनिअर साहेब आले. मामांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले ते मी ऐकलं: "सहा-चार. पण मला कळता कामा नये." मामांनी मान डोलावली. त्या संध्याकाळी साहेब सात-पाच जिंकले आणि पाय दुखेपर्यंत खेळल्याच्या आनंदात घरी गेले. मला एवढं हायसं वाटलं की मी एकटाच शेडमागे जाऊन हसून घेतलं.

मुंबईला समोर मद्रासचा एक मुरलेला खेळाडू होता. पहिला सेट त्याने घेतला, दुसरा मी. तिसऱ्यात पाच-चारला माझी सर्व्हिस, चाळीस-तीस. म्हणजे एका चेंडूवर माझं पुढचं सगळं आयुष्य. रॅली लांबली. तो पुढे धावत नेटच्या डाव्या अंगाला आला आणि चेंडू माझ्याकडे सावकाश, मोठा होत आला. आणि माझा हात, खोटं सांगत नाही, आपोआप त्याच्या बॅटकडे वळला. जिवावर आलं तो तिथून फिरवायला. मी चेंडू उजव्या कोपऱ्यात मारला. तिथे कोणीच नव्हतं. चेंडू रेषेच्या आत पडला, अंपायरने माझं नाव घेतलं, आणि मी हस्तांदोलन करायचं सोडून खुर्चीत बसून ढसाढसा रडलो. आनंद वगैरे नव्हता तो. छातीवरून कोणीतरी पोतं उचलावं, तसं झालं होतं. पुढच्या फेरीत मी हरलो. त्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही.

घरी तार केली होती. राहुरीच्या स्टँडवर उतरलो तर अण्णा स्वतः जीप घेऊन आलेले. माझी पिशवी त्यांनी हातातून घेतली, हे पहिल्यांदाच. निम्म्या वाटेत म्हणाले, पुण्याचा फॉर्म मी भरलेला नाही. तू तुझं बघ. जरा वेळाने परत म्हणाले, त्या दिवशी मार्कर काय खेळला रे! आणि जीपचा गिअर बदलला. पुढे मी सात वर्षं खेळून पोट भरलं. नाव फार झालं नाही, पण सात वर्षं भरलं.

कॉलनीत शिरल्यावर मी जीप क्लबाशी थांबवायला लावली. मामा एकटेच कोर्ट झाडत होते. तार आली हे त्यांना कळलं होतं, सगळ्या कॉलनीला कळलं होतं. त्यांनी स्कोर विचारला नाही, रॅलीही विचारली नाही. विचारलं, शेवटचा बॉल कुठं मारला. मी बोटाने दाखवला, तो पलीकडचा उजवा कोपरा. मामा झाडू टाकून चालत चालत तिथे गेले. त्या कोपऱ्यात उभे राहिले आणि तिथून मला विचारलं, "हितं कोन न्हवतं?"

"कोणी नव्हतं, मामा."

ते बघता बघता हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, मफलर सुटून खांद्यावर आला तरी हसतच होते. मग डोळे पुसून म्हणाले, "बत्तीस वरसं रोज दिसायची ही जागा. रोज, प्रत्येक बॉलला. मारला त्यो एकदाच, तुज्यावर."